गमावलेल्या बारा वर्षांचे मोल
निर्दोष ठरलेल्या कैद्याला भरपाई देणे हे सरकारचे औदार्य नव्हे, कायदेशीर कर्तव्य ठरले पाहिजे. ठाण्यातील २०१३ च्या बालिका-हत्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्दोष मुक्तता केली. त्याची सुमारे बारा वर्षे मात्र गजांआड गेली.

सदोष तपासाने दोन घरे उद्ध्वस्त होतात. आरोपीचे कुटुंब देशोधडीला लागते आणि मुलीच्या आईवडिलांना न्याय मिळतच नाही. भरपाईचा भार सरकारी तिजोरीवर पडेल, तेव्हाच तपासातील हलगर्जीपणाला लगाम बसेल.

विधी आयोगाने २०१८ मध्येच २७७ व्या अहवालात भरपाईसाठी विशेष न्यायालये सुचवली आहेत. संसदेने तशी तरतूद तातडीने करावी. अन्यथा न्यायावरचा उरलासुरला विश्वासही उडेल.