मत्स्यपेटीला दिवा कोणता?

गेल्या महिन्यांत आमच्या मुलुंडच्या घरीं एक लहानशी सभा भरली. अध्यक्षस्थानीं अर्थातच मातुश्री होत्या, फिर्यादी माझा पुतण्या होता, आणि वादाचा विषय एक दिवा हा होता.

आमच्या दिवाणखान्यांत तीन फूट लांबीची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आहे. तींत समुद्रांतले सच्छिद्र दगड व नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन विदूषक मासे आहेत; वर एक साधी नळी जळते. एका दुकानदारानें पुतण्याला जिवंत पोंवळ्यांचे तुकडे दाखविले आणि बजावलें कीं, यांना तुमचा दिवा पुरणार नाहीं, आधीं भारी दिवा घ्या. त्या दिव्याची किंमत ऐकतांच वहिनींनीं हातांतला चहाचा पेला खालीं ठेवला.

मातुश्रींनीं मात्र निराळाच प्रश्न काढला. "अरे बाळ, माझ्या अंगठींत चाळीस वर्षें पोंवळें आहे. त्याला कधीं दिवा लावावा लागला नाहीं. तुझ्याच पोंवळ्याला तो कां?"

सगळे हंसले, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. मंगळासाठीं जें तांबडें पोंवळें आपण वापरतों, तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतल्या एका निराळ्या प्राण्याचा सांगाडा होय. हा प्राणी अंधाऱ्या कपारींत व खोल पाण्यांत वाढतो. त्याला उजेडाची गरज नसते. उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रांत जीं पोंवळ्यांचीं बेटें तयार होतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा यजमानाला देतें. प्रकाश तुटला कीं भाडेकरू उपाशी आणि पाठोपाठ घरमालकही उपाशी! म्हणून अशा पोंवळ्यांच्या पेटींत दिवा शोभेसाठीं नसून चुलीच्या जागीं असतो.

मग असा दिवा पारखावा कसा? दुकानांत दिव्याचें तेज 'ल्यूमेन'मध्यें सांगतात. पण ल्यूमेन हें माणसाच्या डोळ्याचें माप आहे, आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा रंग अधिक उजळ भासतो. समुद्रांत तांबडा प्रकाश पहिल्या कांहीं मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोंचतो. पोंवळ्यांतलें शैवाल त्या निळ्याचाच चांगला उपयोग करून घेतें. म्हणून वनस्पतींच्या उपयोगी पडणारा प्रकाश मोजण्याचें 'पार' नांवाचें वेगळें माप आहे. मऊ पोंवळ्यांना साधारण ५० ते १०० पार पुरतें. कठीण, फांद्यांच्या जातींना २०० ते ४०० लागतें. हें मापही दिव्याजवळ न घेतां पाण्यांत, जेथें प्राणी बसणार तेथें घ्यावयाचें असतें.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पूर्वी अशा पेट्यांवर मेटल हॅलाइडचे दिवे लावीत. ते लख्ख खरे, पण पाणी तापवितात. आमच्या मुंबई उपनगरांत वैशाखांत पेटीचें पाणी दिव्यावांचूनच तापतें. आणि नेहमीच्या उन्हाळी तपमानाहून एकदोन अंश अधिक ऊन कांहीं आठवडे टिकली तर पोंवळीं आंतलें शैवाल बाहेर टाकून पांढरीं पडतात. एलईडीच्या दिव्याची ऊब बहुतेक वरच्या पत्र्यांतून हवेंत जाते, हा त्याचा मोठा गुण.

तिसरी गोष्ट बिलाची, कारण एकत्र कुटुंबांत बिल सर्वांचें असतें. रोज नऊ तास जळणारा १५० वॅटचा दिवा महिन्याला सुमारें ४० युनिटें खातो. ५० वॅटचा एलईडी साडेतेरा. पंधरा वॅटचा अवघीं चार.

पुतण्यानें हा सारा हिशोब कागदावर मांडला आणि विजयी मुद्रेनें म्हणाला, "काका, म्हणजे ५० वॅटचा एलईडी ठरला!" दिवा ठरला होता, पण तो ज्याच्यासाठीं घ्यावयाचा, त्याचा विचार कोणींच केला नव्हता.

आपल्या देशांत १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं बेटें बांधणारीं दगडी पोंवळीं, काळीं पोंवळीं व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाचें नांव ज्या यादींत आहे, तीच ही यादी. या यादींतील प्राण्यांसंबंधीं गुन्ह्यास तीन ते सात वर्षें तुरुंगवास व दंड सांगितला आहे. "माल परदेशचा आहे" असें म्हणून हात झटकतां येत नाहींत. दगडी पोंवळ्यांचा देशोदेशींचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराखालीं परवान्यावांचून चालत नाहीं.

पुतण्या हिरमुसला. "एवढासा तुकडा, काका! समुद्राला काय कमी पडणार?" त्याला मी मुंबईचीच एक गोष्ट सांगितली. आपल्या गढूळ समुद्रांतही हाजी अली व वरळीच्या खडकांवर पोंवळीं आहेत. किनाऱ्याचा मोठा रस्ता बांधतांना तीं वाटेंत आलीं, तेव्हां महानगरपालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि २०२० सालीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून त्या वसाहती दुसऱ्या जागीं हलवाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या पालिकेला जें प्राणी विचारल्यावांचून हलवितां आले नाहींत, ते आपण पिशवींत घालून लोकलनें मुलुंडला आणावे काय?

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं पुतण्याच म्हणाला, "मग जे आहेत त्यांनाच काय लागतें तें सांगा."

तें फार थोडें आहे, आणि ज्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं तें ध्यानांत ठेवावें. केवळ माशांना दिवस व रात्र यांचा नियम हवा. आठ-नऊ तास दहा-पंधरा वॅटचा एलईडी पुरे. फाजील प्रकाश दिला, आणि त्यांत खाणें अधिक पडून पाणी मळलें, तर कांचेवर हिरवें शेवाळच माजेल. गोड्या पाण्यांत पाणवनस्पती लावावयाच्या असतील तर ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा दिवा घ्यावा, आरंभीं सहा-सात तासच लावावा, आणि वनस्पतींची वाढ पाहून हळूहळू वेळ वाढवावा. पेटी खिडकींतल्या उन्हांत ठेवूं नये. कोणताही दिवा घड्याळी स्विचावर ठेवावा, म्हणजे घरांतल्या दहा माणसांना दहा वेळां आठवण ठेवावी लागत नाहीं. खारें पाणी वीज चांगली वाहून नेतें. तेव्हां तार आधीं खालीं सोडून मग वर स्विचाकडे न्यावी, म्हणजे ओघळलेला थेंब बटणापर्यंत जात नाहीं. आणि गळती होतांच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. मुलांच्या घरांत ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

आमच्याकडे पंधरा वॅटचा दिवा आला. उरलेल्या पैशांचें काय, हा प्रश्न मातुश्रींनीं सोडविला. त्यांनीं पंचांग उघडलें आणि अमावास्येच्या सुमारासची मोठी ओहोटी पाहून ठेवली. त्या दिवशीं सगळ्या मुलांना हाजी अलीच्या खडकांवर न्यावयाचें ठरलें आहे. हात न लावतां, पाय जपून टाकीत, नुसतें पाहावयाचें.

"तेथें दिव्याची सोय आहे ना?" वहिनींनीं हंसून विचारलें.

"आहे," मातुश्री म्हणाल्या, "आणि त्याचें बिल येत नाहीं."