माझे मत : आईची मजुरी धरावी

माझी आई घरी मेणबत्त्या करणार आहे. शेजारची काकू म्हणाली, "हे आपल्याला जमायचं न्हाई." पण महाबळेश्वरचे भावेश भाटिया अंध आहेत. त्यांनी मेणबत्त्या करून हातगाडीवर विकल्या. आज त्यांच्या कारखान्यात पुष्कळ अंध माणसे काम करतात. मग आईला का जमणार नाही?

मेण सरळ जाळावर ठेवले तर पेट घेते. म्हणून पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून ते वितळवतात. तरी हात भाजतो.

आईने मेण, वात, साचा यांचा खर्च लिहिला. मजुरी लिहिली नाही. म्हणाली, "घरचंच काम हाय." दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेली की ती मजुरी घेते. मग घरचे काम फुकट का? माझ्या मते आधी मजुरी धरावी, मग किंमत ठरवावी.

— इयत्ता चौथी