स्नूपीला निरोप दिला, पण जागा काही सोडली नाही

आज खड्डे नाहीत, पाणीकपात नाही, कोण कुठल्या पक्षात गेलं तेही नाही. आज पेपरातल्या चार चौकटींबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. "पेपरातलं कार्टून हा काय सार्वजनिक प्रश्न झाला का?" असं काही जण म्हणणारच. माझ्या मते झाला. आधी वाचा, मग भांडू.

१३ फेब्रुवारी २०००, रविवार. अमेरिकेत लोकांनी सकाळी पेपर उघडला तर एकाच दिवशी दोन गोष्टी समोर आल्या. रंगीत पुरवणीत 'पीनट्स' या कार्टून स्ट्रिपचा शेवटचा भाग होता. स्नूपी आपल्या घराच्या छपरावर टाइपरायटर घेऊन बसलाय आणि शेजारी चित्रकाराचं वाचकांना लिहिलेलं निरोपाचं पत्र. आणि बातमी अशी, की तो चित्रकार, चार्ल्स शुल्झ, आदल्याच रात्री कॅलिफोर्नियात सांता रोझाच्या आपल्या घरी गेला. रविवारची रंगीत पुरवणी बरीच आधी छापून तयार असते, त्यामुळे हे कुणी जुळवून आणलेलं नव्हतं. एखाद्या सिनेमात दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

स्नूपी आपल्याकडे बहुतेकांना टीशर्टवरून नाहीतर कंपासपेटीवरून माहीत असतो. पांढरा कुत्रा, काळे कान. पण मूळ मालिका त्या कुत्र्याची नव्हतीच, चार्ली ब्राउन नावाच्या एका पोराची होती. हा पोरगा कायम हरतो. बेसबॉलची मॅच हरतो, पतंग झाडात अडकवतो, आवडत्या मुलीशी बोलायचं धाडस त्याला होत नाही. दरवर्षी शरद ऋतूत ल्यूसी नावाची मुलगी जमिनीवर बोटाने चेंडू उभा धरते आणि म्हणते, ये, मार लाथ. हा धावत येतो, ती ऐनवेळी चेंडू काढून घेते, हा पाठीवर आपटतो. पुढच्या वर्षी परत तेच. जवळजवळ पन्नास वर्षं! आणि तरी तो पुढच्या वर्षी विश्वास ठेवतो. आपण मतदान करतो तसंच काहीसं. (राजकारण नाही म्हटलं होतं, सवय जात नाही.)

२ ऑक्टोबर १९५० ला ही मालिका फक्त सात पेपरांत सुरू झाली. सातच. 'पीनट्स' म्हणजे शेंगदाणे हे नाव कंपनीने ठेवलं, शुल्झना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. पुढे ती ७५ देशांतल्या सुमारे २,६०० पेपरांत पोचली. एकूण १७,८९७ भाग झाले. आणि हे सगळं एका माणसाने स्वतःच्या हाताने काढलं. कल्पना त्याची, रेघ त्याची, फुग्यातलं अक्षरसुद्धा त्याचं. हाताखाली चित्रं काढून देणारी माणसं ठेवली नाहीत. १९८१ मध्ये हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हात कापायला लागला, तर ती थरथर चित्रातही दिसायला लागली. वाचकांना ती थरथरती रेघ दिसत होती आणि ते रोज वाचत होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं अक्षर बदलत जातं ते आपल्याला कळतं ना, तसं.

नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांना स्ट्रोक आला, आतड्याचा कॅन्सर निघाला. डिसेंबरमध्ये त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवसांतल्या एका मुलाखतीत ते चार्ली ब्राउनबद्दल बोलता बोलता रडले. शेवटच्या पत्रावर सही करताना त्यांना एकदम आठवलं, की अरे, त्या बिचाऱ्या पोराला चेंडू मारायला काही मिळालाच नाही. स्वतःच मिळू दिला नव्हता, आणि स्वतःच रडले! त्याआधी ऑक्टोबर ९९ मध्ये चेंडूचा जो शेवटचा भाग आला, त्यात ल्यूसीला घरून हाक येते, ती चेंडू धाकट्या भावाच्या हातात देऊन जाते. पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. ल्यूसी भावाला विचारते, तो सांगत नाही. आपल्यालाही कळत नाही.

आता वाचक. वाचकांचं आणि अशा मालिकेचं नातं काय असतं, त्याची एकच गोष्ट सांगतो. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी लॉस एंजेलिसमधल्या एका शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं, की तुमच्या मुलांच्या टोळीत एक काळं मूल का नाही? शुल्झनी उत्तर पाठवलं. म्हणाले, करावंसं वाटतं, पण आपण काळ्या कुटुंबांवर उपकार करतोय असं दिसेल याची भीती वाटते. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या ओळखीच्या काळ्या आईवडिलांकडून पत्रं लिहून घेतली आणि पाठवली. ३१ जुलै १९६८ ला समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन नावाचा मुलगा चार्ली ब्राउनला भेटला. हरवलेला चेंडू परत देतो, दोघं वाळूचा किल्ला करतात. बस, एवढंच. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसलेला दाखवला, तर दक्षिणेकडच्या एका संपादकाने तक्रार केली. शुल्झनी लक्ष दिलं नाही. एका शिक्षिकेचं साधं पोस्टाचं पत्र, आणि जगभर वाचली जाणारी मालिका बदलली. म्हणून म्हणतो, हा सार्वजनिक विषय आहे. अग्रलेख किती जण वाचतात ते आपल्याला माहीत आहे. या चार चौकटी घरातलं सात वर्षांचं पोर वाचतं आणि सत्तरीचे आजोबाही वाचतात.

शुल्झ यांची अट होती, की माझ्यानंतर ही मालिका दुसऱ्या कुणी काढायची नाही. घरच्यांचीही तीच इच्छा होती, ती पाळली गेली. २७ मे २००० ला अमेरिकेतल्या शंभराच्या आसपास चित्रकारांनी आपापल्या मालिकेत त्या दिवशी शुल्झना सलाम केला. वाचकांनी चिठ्ठ्या लिहिल्या, कात्रणं फ्रेम करून भिंतीवर लावली. इतका सुंदर निरोप फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

इथपर्यंत सगळं छान. आता माझी तक्रार.

निरोप झाला, डोळे पुसून झाले, आणि पेपरवाल्यांनी त्याच जागी जुने भाग पुन्हा छापायला सुरुवात केली. आजही बऱ्याच पेपरांत 'पीनट्स'चे जुने भाग रोज येतात. पाव शतक झालं! म्हणजे वाचकांनी ज्याला निरोप दिला तो कुठे गेलाच नाही. आणि त्या जागेवर नवा कुणी येऊ शकला असता, तो आलाच नाही.

"अहो, पण आम्हाला आवडतं, तुमचं काय जातं?" रास्त प्रश्न आहे. मलाही आवडतं. पण पेपरातली जागा रबरासारखी ताणत नाही. एका पानावर दहा-बारा मालिका बसतात, आता तर तेवढ्याही नाहीत. त्यातल्या किती हयात माणसांच्या आहेत ते मोजा. 'ब्लाँडी' १९३० पासून चालू आहे, आधी वडिलांनी काढली मग मुलाने चालवली. ली फॉक यांचा 'फँटम' १९३६ चा. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून आलेला वेताळ तो हाच. खोपडीच्या अंगठीचा छाप आठवतोय ना? फॉक १९९९ मध्ये गेले, वेताळ अजून चालू आहे. वेताळाचं एक वेळ समजू शकतो, त्याची गोष्टच अशी की बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि लोकांना वाटतं हा अमर आहे. पण पेपरच्या पानाने सगळ्यांनाच वेताळ करून ठेवलंय.

'कॅल्विन अँड हॉब्ज' काढणारे बिल वॉटर्सन १९८९ मध्येच ओहायोतल्या एका भाषणात यावर तोफ डागून बसले होते. चित्रकार गेल्यावरही त्याची मालिका इतरांकडून ओढत नेणं, चौकटी लहान लहान करत जाणं, या सगळ्यावर. बोलून थांबले नाहीत. आपली मालिका दोन हजारांवर पेपरांत जोरात चालू असताना, सुरू केल्यापासून सुमारे दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९५ ला बंद केली. बाहुल्या, मग, टीशर्ट काही निघू दिलं नाही, त्यातले कोट्यवधी डॉलर सोडले. वाचक हळहळले, चिडलेही. पण त्या निरोपात पान उलटलं. (शुल्झनी टीशर्टपासून विमा कंपनीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे स्नूपी दिला, आणि तरी मला शुल्झ जास्त जवळचे वाटतात. आवडीला तर्क नसतो.)

संपादकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जुनी मालिका काढली की पत्रांचा पाऊस पडतो, फोन येतात, पेपर बंद करायची धमकी येते. नवी मालिका लावली तर पहिली दोन वर्षं कुणी हूं की चूं करत नाही. मग कशाला डोकेदुखी? त्यात हिशोब असा, की सिंडिकेट म्हणजे मालिका विकणारी कंपनी एकच मालिका शेकडो पेपरांना विकते, त्यामुळे प्रत्येकाला ती स्वस्तात मिळते. गावातल्या चित्रकाराला रोजचं मानधन द्यायचं म्हणजे पगारच की. पण 'पीनट्स'सुद्धा सात पेपरांपासूनच सुरू झाली होती. त्या सात संपादकांनीही "जुनंच बरं" म्हटलं असतं तर?

आणि दुसरं टोक बघा. २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या अमेरिकी कंपनीने आपल्या सत्तरहून जास्त पेपरांत कार्टूनचं पान एकसारखं करून टाकलं. ज्या मालिका त्या साच्यात बसल्या नाहीत त्या गेल्या. कुठल्या गावात काय आवडीने वाचतात, हे विचारायच्या भानगडीत कोण पडतो! तिथे ना टाइपरायटर, ना पत्र, ना फ्रेम. सकाळी पेपर उघडला तर नाही. म्हणजे एकीकडे गेलेल्याला जाऊ द्यायचं नाही, आणि दुसरीकडे जिवंत माणसाला निरोपही न देता बाहेर काढायचं.

आपल्याकडे येऊ. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 'चिंटू' सुरू केला. तीन-चार चौकटी, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू, आणि मध्यमवर्गीय घरातलं रोजचं काहीतरी. आमच्यापैकी कित्येकांनी पेपर हातात घेतला की आधी चिंटू वाचला, मग मथळे. कात्रणं वहीत चिकटवली. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर सिनेमा काढला. चिंटूवर वाढलेली पोरं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना पोरं झालीत. या पोरांसाठी आपल्या भाषेत, आपल्या गल्लीतला, आजच्या शाळेचा, आजच्या सोसायटीचा नवा कोण आहे? तो पोरगा कदाचित लातूरचा असेल, आई आशा सेविका असेल. ती पोरगी कदाचित पिंपरीच्या चाळीत राहत असेल आणि वडील गाडीवरून डिलिव्हरी करत असतील. हे काढणारे हात नाहीत असं मला कुणी सांगू नका. चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन बघा, किंवा याच फोनवर बघा, पोरं काय भन्नाट काढतात. पण फोनवरचं चित्र अंगठ्याने सरकून जातं. रोज त्याच जागी, तीच माणसं, नाश्त्याच्या वेळी, घरातल्या सगळ्यांना एकच, हे फक्त पेपर देऊ शकतो. आणि पेपरवाले म्हणतात तरुण वाचक मिळत नाहीत.

जुनं फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. 'पीनट्स'चे सगळेच्या सगळे भाग २००४ ते २०१६ या काळात २६ खंडांत छापून झालेत. ज्याला वाचायचंय त्याला रांगेत वाचता येतात. चिंटूचीही पुस्तकं आहेत, पोरांना आणून द्या. जुन्यासाठी पुस्तक आहे, वाचनालय आहे. रोजच्या पेपरातली जागा मात्र आज जो काढतोय त्याची आहे.

आणि एखादी मालिका, सदर, शब्दकोडं बंद करायचंच असेल तर वाचकाला तसं सांगा. दोन दिवस आधी चौकट छापा, शेवटच्या दिवशी काढणाऱ्याला दोन ओळी लिहू द्या. यात पैसे लागत नाहीत. एका स्थानिक पेपरात मी वर्षानुवर्षं एक कोपरा वाचत होतो, एका सोमवारी तिथे प्लॉटची जाहिरात. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अच्छा, ते बंद झालं का?"

असो. आता काम सांगतो. उद्या सकाळी तुमच्या घरी येतो तो पेपर उघडा. त्यात मराठी माणसाने मराठीत काढलेली रोजची चित्रमालिका आहे का बघा. असेल तर काढणाऱ्याचं नाव इथे खाली लिहा, आणि त्या पेपरला एक पोस्टकार्ड टाका की आम्ही वाचतो. नसेल तर पेपरचं नाव लिहा. यादी झाली की संपादकांना आपण सगळे मिळून पाठवू. आणि तुमच्या गावात, ओळखीत असं काढणारं कुणी पोरगं-पोरगी असेल तर त्यांना विचारून त्यांचं एक चित्र इथे टाका.