बसून गवत कापायची हौस

दोन शनिवार काही लिहिलं नाही, कारण ऑफिसात रिलीज होता आणि घरी त्याहून मोठा वाद चालू होता. रिलीज संपला. वाद चालू आहे, म्हणून तो इथे आणतोय.

आधी पार्श्वभूमी. आमचा आखाडा जिंतूर तालुक्यात. परभणी म्हटलं की लोकांना सपाट काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन आठवतं. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठाला ते खरंही आहे. पण दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत आणि उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. आमच्या वाट्याला आलेली तीन एकरं या फाट्यांच्या पायथ्याची. वर घर, घराभोवती अर्धा एकर बऱ्यापैकी सपाट, आणि तिथून खाली ओढ्यापर्यंत बरड माळाचा उतार. पावसाळ्यात त्यावर पवन्या, मारवेल आणि कुसळी कमरेएवढी वाढते. मग साप निघतात, आई दार उघडं ठेवत नाही.

अण्णा निवृत्त शिक्षक. वय 71, गुडघे गेलेले. पूर्वी हे गवत माणसं लावून कापून घ्यायचे. आता ऑगस्ट-सप्टेंबरात सगळा गाव खुरपणीत आणि फवारणीत असतो. आमच्या माळाचं गवत कापायला कोण येणार? तेव्हा अण्णांचं म्हणणं, "बसून होत असेल तर बसून करावं की." म्हणणं अगदी रास्त आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण आहे ते ओहायोतल्या आत्तेभावाशी. त्याने व्हिडिओ कॉलवर अण्णांना आपलं रायडिंग मॉवर दाखवलं. एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हाताने लिव्हर, आणि मागे गालिच्यासारखं कापलेलं हिरवंगार अंगण. झालं! अण्णांच्या डोक्यात ते यंत्र बसलं. "मामा, झीरो-टर्न घ्या, जागच्या जागी वळतं," हा त्याचा सल्ला. तो मॉवर इकडे सहज मिळत नाही म्हटल्यावर गावातल्या शहाण्यांनी पुढचा सल्ला दिला: मिनी ट्रॅक्टर घ्या, मागे कटर लावा, दोन्ही कामं होतील.

मग मी आणि अण्णा जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दुकानांत जाऊन आलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न, "किती एचपी पाहिजे?" दुसरा, "बजेट किती?" तिसरा, "अनुदानाचा फॉर्म भरलाय का?" जमीन किती उताराची आहे हे एकानेही विचारलं नाही. मी सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, ताकद भरपूर आहे, डोंगर चढंल." चढेल हो! चढण्याबद्दल कुणाला शंका आहे? प्रश्न कलंडण्याचा आहे.

आपल्याकडे यंत्राची किंमत, इज्जत आणि अनुदानाचे गट, सगळं हॉर्सपॉवरवर ठरतं. उतारावर हॉर्सपॉवर हा सगळ्यात बिनकामाचा आकडा आहे. आमच्या धंद्यात एखादा क्लायंट सर्व्हर किती जीबीचा आहे एवढंच विचारतो आणि तो कशासाठी पाहिजे हे शेवटच्या दिवशी सांगतो, तसलाच हा प्रकार.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवी-नववीचं आहे.

समजा 200 किलोचं छोटं बसायचं यंत्र आहे. डाव्या-उजव्या चाकांत 70 सेंटीमीटर अंतर आणि यंत्राचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 40 सेंटीमीटरवर. असं यंत्र आडव्या उतारावर नुसतं उभं केलं तर साधारण 41 अंशाला उलटेल. वा, म्हणजे भरपूर वाव आहे! थांबा. आता त्यावर 70 किलोचे अण्णा बसवा. त्यांचं वजन 90 सेंटीमीटर उंचीवर येतं. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य 53 सेंटीमीटरवर जातो आणि उलटण्याचा कोन 33 अंशांवर येतो. माणूस बसला की आठ अंश गेले. हेच यंत्र मागून चालत ढकलायचं असतं तर हे आठ अंश गेले नसते, आणि गेलं तर यंत्र एकटं गेलं असतं.

पुढे ऐका. कमरेएवढ्या गवतात जमीन दिसत नाही. वरच्या चाकाखाली 10 सेंटीमीटरचा दगड आला आणि त्याच क्षणी खालचं चाक 10 सेंटीमीटरच्या खड्ड्यात गेलं, तर यंत्र आणखी 16 अंश कलतं. आमच्या माळावर दगड आणि उंदरांची बिळं दर दहा पावलांवर. म्हणजे 33 मधून 16 गेले, राहिले 17. वळण तर अजून धरलंच नाही. ताशी 8 किलोमीटरने दोन मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बाहेरच्या बाजूला जो रेटा बसतो तो सुमारे 14 अंश कलल्याइतका असतो.

बहुतेक अमेरिकन रायडिंग मॉवरच्या पुस्तिकेत 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर यंत्र नेऊ नका असं छापलेलं असतं. अनेक पुस्तिकांत तर शेवटी एक पान असतं, त्यावर तिरकी रेघ. ते पान दुमडायचं, डोळ्यासमोर धरून झाडाशी किंवा कुंपणाच्या खांबाशी जुळवायचं आणि समोरचा उतार त्या रेघेपेक्षा जास्त आहे का बघायचं. मी आत्तेभावाला विचारलं, ते पान पाहिलंस का? म्हणाला, पुस्तिका डब्यातच राहिली. त्याचं अंगण टेबलासारखं सपाट आहे म्हणून निभावतंय.

आणि तो झीरो-टर्न! त्याची पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी नुसती गरगर फिरणारी असतात. वळवायचं काम मागच्या दोन चाकांचा वेग कमीजास्त करून होतं. म्हणजे ओल्या गवतावर मागची चाकं घसरली की वळणंही गेलं आणि थांबणंही गेलं. आमच्या उताराच्या तळाशी ओढा आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. दर उन्हाळ्यात पडायचा त्यात. :-)

मिनी ट्रॅक्टरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. छोटे ट्रॅक्टर मुद्दाम अरुंद केलेले असतात, पिकाच्या आणि बागेच्या ओळींतून जाता यावं म्हणून. स्वराजने 2021 मध्ये कोड नावाचं 11 एचपीचं यंत्र काढलं, त्याची रुंदी मीटरभरही नाही. ज्या कामासाठी केलंय त्यासाठी झकास. पण सपाट बागेतला गुण आडव्या उतारावर दोष होतो, कारण वरच्या गणितात चाकांमधलं अंतर अंशात बसलंय.

मला खरा राग येतो तो एका दांड्याच्या अभावाचा. ड्रायव्हरच्या मागे उभी लोखंडी कमान असते. ट्रॅक्टर उलटला तर ती आधी जमिनीला टेकते आणि माणसाला चिरडू देत नाही, अर्थात त्याने पट्टा बांधलेला असेल तर. (कमान नसताना पट्टा बांधणं उलट घातक, कारण उडी मारून निसटायची सोयही जाते.) स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली आणि पुढच्या तीस वर्षांत तिथे ट्रॅक्टर उलटून मरणं जवळजवळ संपलं. अमेरिकेतल्या कंपन्या 1985 पासून नव्या ट्रॅक्टरांवर ती आपणहून देतात. आम्ही गेलो त्या दोन्ही दुकानांत समोर उभ्या असलेल्या एकाही छोट्या ट्रॅक्टरवर कमान नव्हती. वर छत्री मात्र फुकट मिळत होती, दोन रंगांत. ऊन लागू नये म्हणून! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारी माणसं आपण, एवढं तरी मागून घ्यायला नको?

"पण बैलं काय उतारावर चालत नव्हती का?" हा प्रश्न पारावर आलाच. त्याचं उत्तर शेजारच्या मामांनी दिलं, ज्यांच्याकडे लाल कंधारीची जोडी अजून आहे. "बैल पाय बघून टाकतो. ट्रॅक्टर कुठं बघतंय?" माझ्या वरच्या तीन परिच्छेदांपेक्षा हे बरं आहे, पण मी लिहिलेलं खोडणार नाही.

"पुण्यात बसून गणितं करणं सोपं आहे, गवत कोण कापणार?" बरोबर. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचला, कारण मी वर्षातून चार वेळा जातो आणि त्यातली एक वेळ दिवाळी. म्हणून नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं.

तर माझा प्रस्ताव. घराजवळच्या अर्ध्या सपाट एकरात अण्णांनी काय हवं ते चालवावं. माझी अट एकच: दगड आधी वेचून घ्यायचे. फिरत्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. त्याने उडवलेला खडा गोफणीच्या दगडासारखा लागतो आणि आई तिथेच वाळवण घालते. उतारावर मात्र बसायचं कुठलंही यंत्र नाही. तिथे खांद्याला अडकवायचा ब्रश कटर, आणि तो चालवायला भाड्याने तरुण माणूस. तेही दसऱ्यानंतर, सोयाबीनची गडबड सरली की. भर पावसात हा माळ खरवडला तर खालचा मुरूम ओढ्यात जातो, आणि आमच्याकडे माती आधीच वीतभर. सापांसाठी घराभोवती वीस फुटांचा पट्टा आणि पायवाट तेवढी दर पंधरा दिवसांनी साफ करायची.

आणि एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो होतो. मारवेल आणि पवन्या हा उत्तम चारा आहे. ओहायोत गवत कापून फेकून द्यायचं असतं, म्हणून कापणं हा खर्च. आमच्याकडे शेजारच्या मामांना कडबा विकत घ्यावा लागतो. कुसळी भरायच्या आत त्यांनी कापून न्यावं, निम्मा चारा त्यांचा, निम्म्याचे पैसे किंवा शेणखत आम्हाला, हा वाटा त्यांना विचारला तर त्यांनी दोन मिनिटंही घेतली नाहीत. उलट म्हणाले, "गुरुजी बोललेच नाहीत कधी."

अण्णांना हे पटलं का? अर्धं. "उतार काही तुझ्या पंधरा अंशांचा नाही, उगं घाबरवायलास," असं त्यांचं ठाम मत होतं. मग मागच्या रविवारी मोजलाच. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, वरचं टोक अण्णांनी खुर्चीत बसून धरलं आणि खालचं मी. आडव्या 10 फुटांत पावणेतीन फूट उतार म्हणजे साधारण 15 अंश, हे आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. तीन ठिकाणी मोजलं. वर दोन फूट, मध्ये तीन फूट, आणि ओढ्याच्या अंगाला साडेतीन फूट, म्हणजे 19 अंश. त्यात वरचे दगड-बिळाचे 16 मिळवा, 35 होतात. यंत्र 33 ला उलटतं.

अण्णांनी वही घेतली, बेरीज स्वतः पुन्हा केली (शिक्षक!), आणि म्हणाले, "सपाटावरचं तर घेऊ ना?"

घेऊ.