सोमवारची डोकेदुखी

मंडळी, 'सोमवारी पोटात दुखणं' म्हणजे काय हे मास्तरांना वेगळं सांगायला नको. पण कचेरीतल्या बंद हवेने खरोखर आजारी पडणाऱ्यांनाही लोक त्याच मापाने मोजतात, तेव्हा मात्र डोकं तापतं.

डोळे चुरचुरतात, घसा सुकतो, डोकं जड होतं. इमारतीबाहेर पडलं की बरं वाटतं, सोमवारी पुन्हा सुरू. या दुखण्याची ओळखच ही. आणि साहेबाच्या हाती कामचुकारपणाचा पुरावाही हाच! आता त्या माणसाने करावं काय? आधी दुसरे हसतात, मग हळूहळू त्याचं त्यालाच वाटू लागतं, की आपलंच काही बिघडलंय का? माझ्या मते दुखण्यापेक्षा हे वाईट.

वॉशिंग्टनमधली गोष्ट घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचं मुख्यालय. १९८७-८८ मध्ये तिथे नवे गालिचे घातले आणि शेकडो कर्मचाऱ्यांनी त्रासाच्या तक्रारी केल्या. देशभरच्या विषारी रसायनांवर नियम करणारी ही माणसं, पण स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला त्यांना कोर्टात जावं लागलं. १९९३ साली ज्यूरीने पाच जणांना भरपाई दिली, न्यायाधीशांनी त्यातल्या बहुतेकांची रद्द केली, ती वरच्या कोर्टातून परत मिळायला २००० साल उजाडलं. तोवर 'मी ढोंगी नाही' हेच सांगत बसायचं!

मिशेल मर्फी यांचं २००६ चं पुस्तक या विषयावरच आहे. कचेरीतल्या बायकांनी स्वतःच प्रश्नावल्या काढून कोणाला काय होतं ते टिपून घेतलं, असं त्यात आहे. मला हे फार आवडलं. एकटी बाई 'नाजूक' ठरते, पण शेजारच्या दहा टेबलांवरही तेच निघालं की ती साक्षीदार होते.

'सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवायला इमारती हवाबंद झाल्या, बाहेरची हवा माणशी मिनिटाला ५ घनफुटांवर आणली. १९८९ साली तिथल्याच इंजिनिअरांच्या संस्थेने ते किमान माप १५ केलं. खेळ मनाचे होते, तर हवा तिप्पट कशाला केलीत हो?