खिशातला चाकू

खिशात चाकू बाळगणारा मनुष्य गुंड असलाच पाहिजे, असा एक समज आपल्या समाजात घट्ट बसलेला आहे. याचे श्रेय पुष्कळसे हिंदी चित्रपटांना द्यावे लागेल. खटका दाबला, 'खट्ट' असा आवाज झाला आणि रामपुरीचे पाते बाहेर आले, की पडद्यावर खलनायक अवतरला हे पोराटोरांनाही कळते. रामपूरच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कलेची अशी बदनामी व्हावी हे दुर्दैव. पण तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय आहे त्या रामपुरीचा गरीब भाऊ : दोन-अडीच इंच पात्याचा, मुठीत मिटणारा, खिशात निमूट पडून राहणारा घडीचा चाकू. तो रोज जवळ बाळगावा का, आणि बाळगायचा तर कसा, याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता. त्यांच्या चंचीत पान, चुना, कात यांच्या शेजारी अडकित्ता असे, आणि अडकित्ता हे काही फुलांचे हत्यार नव्हे. (कानडीत 'अडके' म्हणजे सुपारी. तेव्हा हा शब्दही मराठीने शेजारणीकडून उसना आणलेला आणि परत न केलेला!) शेतावर निघालेल्या माणसाच्या हाती विळा असे, आंब्याची कलमे बांधणाऱ्या माळ्याजवळ कलमाचा चाकू असे. त्यांना कोणी गुंड म्हटले नाही. कारण त्या हत्याराला काम होते आणि ते काम सगळ्यांना दिसत होते. कार्ल एल्झनर या स्विस कारागिराने १८९१ साली आपल्या देशाच्या सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. ते चाकू शत्रूच्या पोटात खुपसण्यासाठी नव्हते. डबाबंद अन्नाचा डबा फोडावा आणि बंदुकीचे स्क्रू काढावेत यासाठी होते. सैनिकाच्या खिशातलाही चाकू कामापुरता! आज जगभर प्रसिद्ध असलेल्या लाल मुठीच्या चाकूचा वंश तोच.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला या कामांची वाण नाही. घरून आलेल्या पार्सलची सुतळी, हापूसची पेटी, पेन्सिलीचे टोक, वनस्पतिशास्त्राच्या सहलीत तोडायची डहाळी, सायकलच्या कॅरिअरला गुंडाळलेली दोरी. दातांनी सुतळी तोडणारे आणि किल्लीने पेटी उचकटणारे वीर पाहिले की यांच्यापेक्षा चाकू बरा असे वाटू लागते. तेव्हा 'बाळगावा का' या पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर आहे : काम असेल त्याने खुशाल बाळगावा.

परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या गावात हा प्रश्न इतका साधा राहिलेला नाही. १८ एप्रिल २०२४ रोजी हुबळीत भर दिवसा, महाविद्यालयाच्या आवारात, एका विद्यार्थिनीची चाकूने भोसकून हत्या झाली. महिना पुरा होतो न होतो तोच १५ मे रोजी आणखी एका तरुणीला तिच्या राहत्या घरात चाकूने ठार करण्यात आले. आणि मे २०२५ मध्ये तर खेळताना झालेल्या भांडणात एका बारा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्राला भोसकले व तो मित्र मरण पावला. तिन्ही घटना हुबळीच्याच. तेव्हापासून दोन सल्ले एकाच तोंडातून ऐकू येतात. मुलाला सांगतात, "चाकूला हात लावू नकोस." मुलीला सांगतात, "पर्समध्ये एक चाकू असू दे, काय सांगावे!"

पहिला सल्ला अतिरेकी आहे, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. दुसरा मात्र प्रेमापोटी दिलेला असला तरी घातक आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे.

घडीचा चाकू पर्समधून शोधून काढायचा, नखीत नख घालून दोन्ही हातांनी उघडायचा, नीट धरायचा, याला किती वेळ लागतो हे कोणीही घरी घड्याळ लावून पाहावे. अंगावर येणारा माणूस तेवढा वेळ थांबत नसतो. शिवाय या चाकूच्या मुठीला पुढे आडवा कठडा नसतो. जोराने खुपसायला गेले की घामाने ओला झालेला हात मुठीवरून घसरून स्वतःच पात्यावर जातो. साध्या चाकूचे पाते पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. टोक कशात अडकले की ते उलट मिटते, आणि मिटते ते धरणाऱ्याच्या बोटांवर. बलवान माणसाने तो हिसकावून घेतला तर आपणच आणलेले हत्यार आपल्यावर उलटले. एवढ्यातूनही वार लागलाच, तर तो 'थोडासा' लागावा अशी सोय कोणत्याही चाकूत नाही. मांडीत किंवा मानेत धमनी कोठून जाते हे शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही अंधारात, झटापटीत कळणार नाही. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण तो हक्क बचावाला आवश्यक असेल तेवढ्याच बळाचा आहे, आणि 'आवश्यक' किती होते हे पुढे न्यायालय ठरवते. मुलीच्या सुरक्षिततेसाठी लागतात ते रस्त्यावरचे दिवे, वेळेवर येणारी बस आणि 'हा मनुष्य माझ्या मागे लागला आहे' असे ती म्हणते तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे ऐकून घेणारे घर, महाविद्यालय आणि पोलीस ठाणे. यातले काहीच न देता तिच्या हाती अडीच इंचांचे पाते देणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. ओरडणे, पळणे, माणसांत जाणे, ११२ क्रमांक फिरवणे हे उपाय चित्रपटात शोभणारे नाहीत, पण उपयोगी आहेत.

हे एकदा बाजूला काढले की उरतो तो कामाचा चाकू. त्याच्याविषयी आमची मते बरीच आग्रही आहेत.

पाते तीन इंचांहून लहान असावे. हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने ज्या घडीच्या चाकूला मोकळीक दिली त्याचे पाते तीन इंचांपर्यंतच आहे. दिल्ली प्रशासनाने १९८० साली बटणाच्या, स्प्रिंगच्या वगैरे चाकूंवर जी अधिसूचना काढली तिच्यातही लांबीची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच, आहे. आपल्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती धरली आहेत आणि घरगुती, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची हत्यारे वगळली आहेत. म्हणून कोणी आठ इंचांचा सुरा कमरेला लावून फिरू लागला तर त्याच्या अकलेची कीवच केली पाहिजे. खटक्याचा चाकू तर घेऊच नये. त्याने सुतळी अधिक चांगली कापली जात नाही. फक्त आवाज होतो.

पाते उघडल्यावर लॉकने अडकून बसते असे चाकू मिळतात. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला १९५५ पासून मुठीपाशी फिरवायचे एक कडे असते. ते फिरवले की पाते जागचे हलत नाही. लॉक बोटे वाचवतो हे खरे, पण लॉक आहे म्हणून पात्याने झाकण उचकटू नये आणि टोकाने भोक पाडू नये. ज्याला साधा चाकू नीट वापरता येत नाही त्याला लॉक वाचवणार नाही, असे आमचे मत आहे.

आता तो ठेवायचा कोठे? शर्टाच्या वरच्या खिशात नको. वाकले की पडतो, आणि नळाखाली वाकलेल्या माणसाच्या पायावर नेमका पडतो. पँटच्या मागच्या खिशातही नको. सायकलवर किंवा स्कूटरवर बसताना तो टोचतो, मुठीवर वजन येऊन खिळा सैल होतो, आणि चिगरी बसच्या गर्दीत तो कोणी काढून घेतला तर पत्ता लागत नाही. पँटच्या पुढच्या खिशात, बाहेरच्या शिवणीला लागून, उभा ठेवावा. पात्याची उघडी बाजू शिवणीकडे आली की ते आपोआप उघडायला जागाच राहत नाही. त्या खिशात नाणी आणि किल्ल्या ठेवू नयेत. किल्लीचे टोक खाचेत शिरून पाते उचलते, आणि ते कळते हात खिशात गेल्यावर. ज्याची स्प्रिंग ढिली झाली आहे असा चाकू खिशात ठेवणे म्हणजे उघडे ब्लेड ठेवणे. मूठ खाली धरून झटका दिला आणि पाते हलले, की तो चाकू दुरुस्तीला नाही तर टाकायला योग्य. सर्वांत उत्तम म्हणजे चांभाराकडून चामड्याची छोटी पिशवी शिवून घ्यावी आणि चाकू तिच्यात घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावा. मुलींच्या पोशाखाला धड खिसेच नसतात (हा शिंप्यांचा जुना अन्याय), त्यांना तर हाच मार्ग.

मिटताना बोटे खाचेसमोर कधीही नसावीत. मूठ एका हाताच्या बोटांनी दोन्ही बाजूंनी धरावी आणि पाते दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीकडून ढकलावे. कापताना पाते शरीरापासून दूर जावे. आंबा किंवा पेरू हातात धरून तळव्याच्या दिशेने कापण्याची आपली सर्वांची सवय आहे, आणि तळव्यावरच्या बहुतेक जखमा तीतूनच येतात, ताटली घ्यावी. चालता चालता कापू नये. दुसऱ्याला देताना मिटवून द्यावा. पुष्कळ घरांत सुरी हातात न देता खाली ठेवतात, नाहीतर भांडण होते म्हणतात. भांडणाचे माहीत नाही, पण बोटे नक्की वाचतात.

बोथट चाकू सुरक्षित, हा आणखी एक भ्रम. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेले पाते घसरते. धारेच्या दगडावर थोडे पाणी टाकून, दोन्ही बाजू सारख्याच कोनात घासाव्यात. जमत नसेल तर चाक घेऊन गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला द्यावा. त्याच्या चाकावर पाते तापून मऊ होऊ नये म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. साध्या पोलादाचे पाते धारवाडच्या पावसाळ्यात आणि कैरीच्या आंबटाने लगेच काळे पडून गंजते. पुसून, खिळ्याच्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल घालू नये, ते चिकट होऊन कचरा धरते.

इतके करूनही कापलेच तर स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. हळद, चहापूड, टूथपेस्ट यांतले काही भरू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आतली शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते हेही विचारून घ्यावे.

काही ठिकाणी मात्र चाकू घरीच राहिला पाहिजे. परीक्षागृह, न्यायालय, मिरवणूक, सभा, विद्यार्थी निवडणुकीचे दिवस. शहरात तणाव असताना पोलीस आयुक्त हत्यारे बाळगण्यावर बंदी घालतात. अशा दिवशी 'सर, हा आंबे कापायचा आहे' हे उत्तर खरे असूनही कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नयेच. हुबळीच्या विमानतळावरून जाताना तो मोठ्या सामानात घालून चेक-इनला द्यावा. हातातल्या पिशवीत सापडला तर जप्त होईल.

राहता राहिले आमचे महाविद्यालय. सध्या आमच्या नियमपत्रिकेत 'घातक वस्तू आणू नयेत' एवढेच छापलेले असते. त्यामुळे कलम करणारा शेतकी विद्यार्थी आणि खटक्याचा चाकू फिरवणारा टगा एकाच ओळीत बसतात, आणि फाटकावर कोणाला अडवावे हे शिपायाला कळत नाही. तीन इंचांपर्यंतचा, खटका नसलेला चाकू प्रयोगशाळेत, सहलीत व वसतिगृहात चालेल. वर्गात, मैदानावर व संमेलनात चालणार नाही. फाटकावर चिठ्ठी घेऊन ठेवून घेतला जाईल, असे तीन ओळींत लिहिता येण्यासारखे आहे. नव्या वर्षाची पत्रिका जूनच्या आधी छापायला जाते. विद्यार्थी प्रतिनिधींनी प्राचार्यांकडे हा मजकूर त्यापूर्वी द्यावा, मराठीत आणि कानडीत.