पऱ्हाटी कोणाची, कोळसा कोणाचा?

शेतातला कचरा म्हणजे नेमके काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हवामानबदलावरील उपायांच्या गदारोळात हा साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट हे सारे शेतात जळून वाया जाते. तेच भट्टीत हवेचा शिरकाव रोखून भाजले तर जैवकोळसा, म्हणजे बायोचार, मिळतो. तो जमिनीत गाडला की त्यातील बराचसा कर्ब शेकडो वर्षे हवेत परतत नाही आणि वीजकेंद्रात जाळला तर खाणीतला कोळसा वाचतो, असा हा युक्तिवाद आहे. रसायनशास्त्र म्हणून तो बव्हंशी खरा आहे. खोट आहे ती त्यामागील अर्थशास्त्रात.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांतील भूमिहीन व अल्पभूधारकांच्या घरी पऱ्हाटी हे चुलीचे सरपण आहे, कुडाच्या भिंतीचा सांगाडा आहे, परसाचे कुंपण आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी दिली हे खरे. परंतु रिकामे सिलिंडर पुन्हा भरावयाचे तर मजुरीचे कित्येक दिवस त्यात मोडतात. म्हणून चूल पेटतेच. ज्या दिवशी पऱ्हाटीला कारखान्याचा भाव मिळेल त्या दिवशी शेतमालक ती विकेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण मजुराची बायको मोळीसाठी सातपुड्याकडे वळेल. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याच्या आधीच विरळ झालेल्या जंगलावर पडणारी ही कुऱ्हाड कर्बाच्या कोणत्याही हिशेबवहीत दिसणार नाही.

पऱ्हाटी शेतात तशीच उभी ठेवावी, असे कोणी म्हणणार नाही. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी हंगाम संपताच ती काढणे आवश्यक असते आणि बांधावर पेटवून देण्यापेक्षा तिचा कोळसा करणे केव्हाही बरे. मात्र तो कसा होतो याला महत्त्व आहे. चांगल्या भट्टीतसुद्धा मूळ कर्बापैकी जेमतेम निम्मा कोळशात उरतो. उरलेला वायुरूपाने निघून जातो. हे वायू भट्टीतच जाळून टाकले तर ठीक. पण कच्च्या खड्डाभट्टीतून मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड सरळ बाहेर पडतात. मिथेन तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक तापदायक. काडीकचऱ्यातील नत्राचा मोठा वाटाही उडून जातो, आणि तो भरून काढावयास पुन्हा युरियाचे पोते आणावे लागते.

जमिनीच्या लाभाचेही तसेच. बायोचारची ख्याती झाली ती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील आम्लधर्मी, निकस मातीवरून. तापीकाठची काळी जमीन मुळात अल्कधर्मी आणि हा कोळसाही बहुधा अल्कधर्मीच. तेव्हा तेथील पीकवाढीची आश्वासने जपूनच घ्यावी लागतात. ओल धरून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग झालाच तर तो सातपुड्याच्या उतारावरील मुरमाड जमिनीला होईल. पण माल निघतो शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर आणि पैसा तर त्याहूनही दूर.

तो पैसा कोठे आहे? २०२५ च्या जानेवारीत गूगल कंपनीने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत बायोचारची १ लाख टन कर्बपते विकत घेण्याचा करार जाहीर केला. एक टन कोळशासाठी साधारण चार टन पऱ्हाटी लागते आणि त्यातून अडीच टनांच्या आसपास पत निघते, असे धरले तरी अशा एका करारासाठी सुमारे दीड लाख टन काडीकचरा लागेल. इकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के जैवभार जाळणे बंधनकारक केले. म्हणजे एकाच पऱ्हाटीवर दोन बलाढ्य गिऱ्हाइके आणि तिसरी ती चूल, जिची बाजारात पतच नाही.

कायद्याचा न्यायही पाहण्यासारखा आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार लोणारी कोळसा हा वनातून आणलेला असो वा नसो, वनोपजच. आदिवासी पोते घेऊन निघाला तर पहिला प्रश्न परवान्याचा; कंपनीची भट्टी पेटली तर तिला पर्यावरणरक्षणाचे प्रमाणपत्र! शहादा तालुक्याने हा न्याय पूर्वीही पाहिला आहे. १९७० च्या आसपास बागायतदारांच्या पीक संरक्षण सोसायट्यांच्या लेखी शेतातील चार कणसे उचलणारा आदिवासी चोर ठरत होता. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने त्या व्यवस्थेला आव्हान दिले, तेव्हा कोठे मजुराच्या हक्काची भाषा सुरू झाली.

म्हणून विरोध भट्टीला नाही, मालकीला आहे. काडीकचरा किती द्यावयाचा आणि सरपणासाठी किती राखावयाचा, हे प्रथम ग्रामसभेने ठरवावे. भट्ट्या मजुरांच्या व लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या असाव्यात आणि कर्बपतेचे उत्पन्न त्यांच्याच खात्यावर यावे. धुराची तपासणी करून निकाल गावात जाहीर व्हावा. जंगलातील एकही फांदी भट्टीत जाता कामा नये. रायगडच्या कातकऱ्यांनी कोळसाभट्ट्यांवर उचलीच्या कर्जापोटी पिढ्या घालविल्या. ती उचल नंदुरबारात नव्या नावाने येऊ देता कामा नये.

या अटी मान्य नसतील तर ‘हरित’ हे विशेषण काढून व्यवहाराला त्याच्या खऱ्या नावाने संबोधावे. गरिबाचे सरपण उचलून श्रीमंताच्या धुराचे प्रायश्चित्त करावयाचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो, आणि असले प्रायश्चित्त नंदुरबारच्या श्रमिकांनी नाकारले पाहिजे.